मनगटाचे दुखणे आणि सायकलचा टायर

गेल्या हिवाळ्यात एक वहिनी दवाखान्यात आल्या. वय पंचेचाळीसच्या आसपास. पालीपासून पाचेक किलोमीटरवरच्या वाडीत राहतात आणि बाजारपेठेतल्या एका दुकानात कामाला येतात. तक्रार अशी की, दोन्ही हातांची करंगळी आणि तिच्या शेजारचे बोट यांना मुंग्या येतात. दुकानात पोहोचल्यावर पहिला अर्धा तास पुडा बांधायलाही बोटांत जोर राहत नाही आणि संध्याकाळी मांड्या भरून येतात. निदान त्यांनी घरीच करून आणले होते. "डॉक्टर, अशक्तपणा आलाय. कॅल्शियमचे एक इंजेक्शन देऊन टाका."

आपल्याकडे इंजेक्शन घेतल्याशिवाय दवाखान्यात गेल्यासारखे वाटत नाही, त्याला माझा इलाज नाही. मी त्यांना तपासले. रक्तदाब ठीक. साखर तपासली, तीही ठीक. मान फिरवून पाहिली, तिथे काही अडकत नव्हते. हिमोग्लोबिन थोडे कमी होते, पण हाताला मुंग्या याव्यात असे त्यात काही नव्हते. शेवटी विचारले, "वाडीवरून येता कशा?"

"सायकलने. मुलगा मुंबईला नोकरीला गेला, त्याची गिअरची सायकल पडवीत पडून होती. एस.टी. वेळेवर मिळत नाही, रिक्षा रोज परवडत नाही. दिवाळीपासून सायकलनेच येते." आणि मग थोडे घाबरूनच, "का हो, सायकल सोडू काय?"

या प्रश्नाचे उत्तर खुर्चीत बसून देता येईना, म्हणून उठून बाहेर गेलो. भिंतीला सायकल टेकवलेली होती. पुढचे-मागचे दोन्ही टायर चांगले सव्वादोन बोटे रुंद, आणि त्यांवर सुपारीएवढाल्या रबरी गाठी. अंगठ्याने टायर दाबून पाहिला, तर जांभ्याच्या चिऱ्यासारखा टणक. "हवा कुठे भरता?" "पेट्रोल पंपावर. भाचा भरून आणतो. टाइट असली की हलकी चालते म्हणतो."

औषधाच्या चिठ्ठीवर मी दोन ओळी लिहिल्या. एका ओळीत लोहाच्या गोळ्या आणि दुसऱ्या ओळीत टायरचा आकार. औषधवाल्याने दुसरी ओळ दोनदा वाचून पोराला माझ्याकडे विचारायला पाठवले, हे ओघाने आलेच.

या सदरात आपण रक्तदाबावर बोललो, जंतांवर बोललो, पावसाळी तापावर तर दर वर्षीच बोलतो. आज डॉक्टर टायरवर घसरले असे कोणाला वाटेल. पण दवाखान्यात येणारी मनगटे, कोपर, गुडघे आणि कंबरा पाहता हा विषय मला सायकलच्या दुकानापेक्षा दवाखान्याच्या जवळचा वाटतो. शिवाय त्या वहिनींच्या प्रश्नात जे पणाला लागले होते ते लहान नव्हते. येण्याजाण्याचा मिळून तासभर त्या सायकल चालवतात, आठवड्याचे सहा दिवस. प्रौढ माणसाने आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे मध्यम श्रमाचा व्यायाम करावा असे जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली सांगितले. वहिनी तो हिशेब न मांडताच पुरा करत होत्या. मधुमेहाच्या किती रोग्यांना मी चालायला सांगून थकलो आहे! आणि येथे एक बाई स्वतःहून चाललेली, तिला मी 'सायकल सोडा' म्हणायचे, तेही दोन टायरांपायी?

आता आपल्या रस्त्यांकडे पाहू. (बाहेरगावच्या वाचकांसाठी खुलासा: अष्टविनायकातली पाली ती रायगडातली. ही आपली रत्नागिरी तालुक्यातली, मुंबई-गोवा महामार्गावरची, जेथून कोल्हापूरचा रस्ता फुटतो ती.) देशावर सायकल जितकी रुजली तितकी कोकणात रुजली नाही, कारण आपल्याकडे सपाट असे काही नाहीच. वाडीतून निघालेला माणूस आधी जांभ्याच्या कच्च्या रस्त्याने उतरतो. तेथे मुरूम, सुटे खडे, मध्येच उघडा कातळ. मग लागतो गावाचा डांबरी रस्ता. त्याचे डांबर मधल्या पट्टीवर टिकलेले आणि कडेला खडी सुटलेली. शेवटी महामार्ग. तो गुळगुळीत खरा, पण सायकलवाल्याच्या वाट्याला त्याची कड येते आणि कडेला वाहनांनी उडवलेली बारीक खडी, वाळू आणि माती साचलेली असते. म्हणजे पाच किलोमीटरमध्ये तीन जातीचे रस्ते. पावसाळ्यात त्यात चिखल आणि शेवाळ यांची भर.

सायकल विकत घेताना मात्र आपण यातला एकच रस्ता डोळ्यांसमोर ठेवतो. काहींना कच्चा रस्ता दिसतो, ते गाठींचे जाडजूड टायर घेतात. काहींना महामार्ग दिसतो, ते अरुंद टायरची सायकल आणतात आणि पहिल्याच आठवड्यात खड्ड्यात रिम वाकवून बसतात. माझे मत अगदी साधे आहे. टायरची रुंदी कच्च्या रस्त्याकडे पाहून ठरवावी आणि नक्षी डांबराकडे पाहून. रुंदी बेताची मोठी, आणि नक्षी मधोमध जवळजवळ सलग, फक्त कडांना खाचा.

हे असे का, ते सांगतो. पण त्याआधी एक जुनी गोष्ट. सायकलला हवेचा टायर बसवला तो कोणा कारखानदाराने नव्हे, तर जॉन बॉइड डनलॉप या गुराघोड्यांच्या डॉक्टरने. साल १८८८, गाव आयर्लंडमधले बेलफास्ट. त्याच्या मुलाची तीनचाकी सायकल होती, चाके भरीव रबराची, आणि रस्ते दगडी फरसबंदीचे. पोराला बसणारे हादरे कमी व्हावेत म्हणून बापाने चाकांना हवा भरलेली रबरी नळी गुंडाळली. त्याही आधी, १८४५ साली, रॉबर्ट थॉमसन नावाच्या माणसाने हवेच्या टायरचे पेटंट घेतले होते. पण ते लोकांच्या विस्मरणात गेले होते. डनलॉपच्या आधीच्या काळात लोखंडी पट्टीच्या चाकांच्या सायकली निघाल्या होत्या, त्यांना इंग्रज लोक हाडे खिळखिळी करणारे यंत्र म्हणत. म्हणजे हवेचा टायर जन्माला आला तो वेगासाठी नव्हे, हाडांसाठी. वेग वाढला हे नंतर लक्षात आले. ही गोष्ट मला आवडते, कारण एका डॉक्टरनेच हे केले. भले तो गुरांचा असो.

आता वहिनींच्या बोटांकडे वळू. करंगळी आणि तिच्या शेजारच्या बोटाकडे जाणारी एक नस असते, तिला अल्नर नस म्हणतात. मनगटापाशी तळहाताच्या करंगळीकडच्या बाजूने ती एका चिंचोळ्या वाटेतून जाते. सायकलचे हँडल धरताना नेमका त्याच जागेवर अंगाचा भार पडतो. टायर टणक असेल तर रस्त्यावरचा प्रत्येक खडा रिममधून, दांड्यातून, हँडलमधून थेट त्या नसेवर टकटक करतो. एकदोन दिवसांत काही होत नाही. महिनोन् महिने हे चालले की नस सुजते, मुंग्या येतात, आणि दुर्लक्ष केले तर हाताची पकड कमी होते. लांब पल्ल्याच्या सायकलपटूंना हा त्रास होतो हे डॉक्टरांना चांगले ठाऊक आहे. आपल्याकडे तो होतो तेव्हा त्याला अशक्तपणा म्हणतात.

अर्थात हाताला मुंग्या आल्या की सायकललाच दोषी धरावे असे नाही. मधुमेह, मानेचे मणके, ब-१२ जीवनसत्त्वाची कमतरता अशी पुष्कळ कारणे असतात. अंगठा आणि त्याच्या शेजारची दोन बोटे बधिर होत असतील तर ती नसही वेगळी. म्हणून आधी तपासून घ्यावे. वहिनींची साखर मी उगाच तपासली नव्हती.

मांड्या भरून येतात त्याचे कारण त्या सुपारीएवढ्या गाठी. कच्च्या ओल्या मातीत त्या गाठी जमिनीत रुततात आणि पकड देतात, हे खरे. पण डांबरावर त्या रुतणार कुठे? तेथे प्रत्येक गाठ दबते, वाकते, पुन्हा उभी राहते. ही रबर मळण्याची मेहनत कोणाची? पायांची. रस्त्यावरून जाताना अशा टायरचा जो घूं घूं आवाज येतो, तो आपल्याच श्रमाचा. वहिनींच्या पाच किलोमीटरांपैकी साडेतीन डांबराचे. म्हणजे दीड किलोमीटरच्या सोयीसाठी साडेतीन किलोमीटरचा दंड, तोही जाताना आणि येताना.

मग कच्च्या रस्त्यावर गाठी नसतील तर घसरायला होत नाही का, असे कोणीही विचारील. सुट्या खडीवर पकड मिळते ती मुख्यतः टायरच्या रुंदीने आणि बेताच्या हवेने. रुंद आणि किंचित मऊ टायर खड्यांवर पसरतो, त्यांना पोटात घेतो. अरुंद आणि टणक टायर त्यांच्यावरून उडतो. कडेच्या खाचा वळताना कामी येतात, तेवढ्या पुरेत. राहिला ओला डांबरी रस्ता. पाणी कापायला टायरवर खोल नक्षी लागते, हा समज मोटारीवरून आलेला आहे. मोटारीचा टायर रुंद आणि चपटा, वेगही मोठा, म्हणून पाण्याच्या थरावर तो तरंगू शकतो. सायकलचा टायर गोल आणि अरुंद, आपण चालवतो त्या वेगाला तो तरंगत नाही. ओल्या डांबरावर गुळगुळीत रबर चांगले बसते. उलट गाठींच्या टायरचे रबर रस्त्याला कमी टेकते. मात्र रबर ताजे हवे. उन्हाने वाळून भेगा पडलेला टायर कितीही नक्षीचा असला तरी कामाचा नाही.

चिखलाचे मात्र मान्य करतो. जुलै महिन्यात वाडीच्या तांबड्या चिखलात गाठींचा टायर जास्त चालतो. पण किती चालतो? शंभर पावलांत त्या गाठींमधल्या फटी चिखलाने भरतात, मडगार्डमध्ये गोळा अडकतो आणि चाकच फिरेनासे होते. तेवढा तुकडा उतरून सायकल ढकलत न्यावी. शेवाळाचेही तेच. पाखाडीच्या तोंडाशी, साकवावर, झाडाखालच्या सावलीतल्या डांबरावर हिरवट थर धरतो, त्यावर कोणत्याही कंपनीचा टायर टिकत नाही. रस्त्यावरचे पांढरे रंगाचे पट्टे आणि लोखंडी झाकणे ओली असली की त्यांनाही तसेच मानावे. उतरण्यात कमीपणा नाही. पडण्यापेक्षा तरी नक्कीच नाही.

आता आकाराचा घोळ. यात सुशिक्षित माणसेही फसतात. टायरच्या बाजूवर आकडे उठवलेले असतात. जुन्या काळ्या सायकलवर २८ × १½ असते, लेडीज सायकलवर बहुधा २६ × १⅜, गिअरच्या जाड सायकलवर २६ × १.९५ किंवा २६ × २.१०. पहिला आकडा सारखा दिसला म्हणून लेडीज सायकलचा २६ चा टायर गिअरच्या सायकलला चालेल असे वाटते. तो चालत नाही! अपूर्णांकात लिहिलेला २६ आणि दशांशात लिहिलेला २६ यांची रिम वेगवेगळ्या मापाची. म्हणून दुकानात जाताना दुसरा आकडा पाहावा, तो मिलिमीटरमध्ये असतो: ३७-५९०, ५४-५५९ असा. त्यातला पहिला भाग टायरची रुंदी, आणि दुसरा भाग टायर रिमवर जेथे बसतो तेथला व्यास. दुसरा भाग जुळलाच पाहिजे, त्यात तडजोड नाही. पहिल्या भागात आपल्याला निवड आहे. काळ्या सायकलचा दुसरा भाग ६३५, लेडीज सायकलचा ५९०, गिअरच्या २६ चा ५५९. नव्या सायकलींवर २७.५ लिहिलेले असते त्याचा ५८४. आणि २९ व ७०० सी ही नावे दोन असली तरी माप एकच, ६२२. हे पाच आकडे कागदावर लिहून पाकिटात ठेवले तरी रत्नागिरीची एक फुकटची खेप वाचेल.

वहिनींच्या सायकलला ५५९ चे माप. त्यांना मी लिहून दिले २६ × १.७५, म्हणजे साधारण ४७ मिलिमीटर रुंदीचा, मधोमध सलग नक्षीचा टायर. दुकानात तयार नव्हता, मागवावा लागला. काळ्या सायकलवाल्यांनी काही बदलायचे नाही. त्यांचा ४० मिलिमीटरचा टायर आपल्या रस्त्यांना उत्तम आहे. आपल्या आजोबांच्या पिढीने कातळावरून, चिरेखाणीच्या वाटेवरून, पोस्टाच्या पिशव्या आणि दुधाचे कॅन घेऊन याच टायरवर आयुष्य काढले. लेडीज सायकलचा ३७ चालून जातो, पण कच्चा तुकडा जास्त असेल तर हवा सांभाळावी. ३२ च्या खाली मात्र आपल्या भागात जाऊ नये. ते शहराकडच्या हौशी लोकांना लखलाभ. जाड टायर बसवताना मडगार्ड आणि टायर यांत बोटभर जागा राहते ना, एवढे पाहून घ्यावे.

टायरइतकीच, किंबहुना जास्त, हवा महत्त्वाची. भाच्याचे म्हणणे अर्धे खरे होते. गुळगुळीत डांबरावर कडक टायर हलका चालतो. पण खडबडीत रस्त्यावर प्रत्येक खड्याला सायकल आणि स्वार दोघेही किंचित वर उचलले जातात. ती उचलण्याची ताकद पायांतूनच जाते आणि वर हादरा मिळतो तो वेगळा. मऊ टायर तोच खडा स्वतःत दाबून घेतो आणि चाक पुढे जाते. अती मऊ केला तर मात्र खड्ड्याच्या काठावर ट्यूब रिमखाली चिमटते आणि शेजारी शेजारी दोन भोके पडतात, अगदी साप चावल्यासारखी. पंक्चरवाल्याने अशी जोडभोके दाखवली तर काटा शोधत बसू नये, हवा कमी होती असे समजावे. एकच भोक असेल तर वईचा काटा.

किती हवा भरायची? टायरच्या बाजूवर कमीत कमी आणि जास्तीत जास्त दाब छापलेला असतो. मिश्र रस्त्यासाठी त्या दोहोंच्या मधल्या घरात राहावे आणि पुढच्या चाकात मागच्यापेक्षा पाचसात पौंड कमी ठेवावी, कारण मागच्या चाकावर भार जास्त असतो आणि हाताला हादरा देते ते पुढचे चाक. माझे वजन ६८ किलो, सायकल काळी २८ ची. मी मागे ४५ आणि पुढे ३८ च्या आसपास ठेवतो. वहिनींचे वजन ५२, टायर त्यांचा जास्त रुंद. त्यांना मागे ३५ आणि पुढे ३० पुरते. पाठीवर पोते किंवा कॅरिअरवर मूल असेल तर मागे वाढवावी. पेट्रोल पंपावरच्या यंत्राने सायकलची ट्यूब क्षणात फुगते आणि कधी कधी फुटते, तेव्हा भाच्यांच्या हाती ते देऊ नये. जुन्या व्हॉलट्यूबच्या सायकलला दाब मोजायचे यंत्र लागत नाही, तेथे अंगठा हेच यंत्र. सायकलवर बसल्यावर दुसऱ्याला मागचा टायर पाहायला सांगावे. जमिनीला टेकतो तेथे तो किंचित पसरलेला दिसला पाहिजे. अजिबात पसरत नसेल तर कडक, रिम खाली आलेली दिसली तर मऊ. आणि पंक्चर नसतानाही ट्यूबमधून हवा हळूहळू कमी होते, म्हणून आठवड्यातून एकदा पाहावीच. मी रविवारी सकाळी दाढीच्या आधी पाहतो.

आता एक स्वतःची गोष्ट सांगतो, जी सांगायला मला आवडत नाही. काही वर्षांपूर्वी माझ्या सायकलचा मागचा टायर गोटा झाला. मागचा लवकर झिजतो, हे स्वाभाविक. मी नवा आणला आणि मागेच बसवला. पुढचाही बराच झिजला होता, कडेला बारीक भेगा होत्या. पण 'चालतोय अजून' असे म्हणून राहू दिला. बचत केली. पंधरा दिवसांनी, पावसाची पहिली सर येऊन गेलेली, उताराच्या वळणावर ट्रकमधून सांडलेली बारीक खडी होती. पुढचे चाक बाजूला सरकले. मागचे चाक सरकले तर माणूस सावरतो, पाय टेकतो. पुढचे सरकले की सावरायला वेळच मिळत नाही. काय झाले हे कळेपर्यंत आपण जमिनीवर असतो. पडताना मी जे केले तेच प्रत्येक जण करतो, हात पुढे टाकला. उजवे मनगट मोडले. सहा आठवडे प्लास्टर. डावखुऱ्यासारख्या सह्या केल्या, बँकेने दोन परत पाठवल्या.

नवा टायर पुढे बसवायचा आणि पुढचा जुना मागे न्यायचा, हे मी तेव्हापासून सर्वांना सांगतो. सायकलवाले बहुतेक उलट करतात, कारण झिजलेला मागचा आणि बदलायचाही मागचाच, असा सरळ हिशेब. त्यांना दोन चाके खोलण्याची मजुरी द्यावी आणि हट्ट धरावा. एका टायरची किंमत मनगटाच्या एक्स-रेच्या खर्चाच्या आसपासच पडते. प्लास्टर, बुडालेली मजुरी आणि घरच्यांची बोलणी वेगळी.

पडल्यावर काय करावे, हेही येथेच सांगून टाकतो. दरवर्षी शाळा सुरू झाली की तळहातांत आणि गुडघ्यांत जांभ्याची लाल बारीक खडी रुतलेली मुले येतात. जखम आधी वाहत्या स्वच्छ पाण्याने आणि साबणाने भरपूर धुवावी. मूल रडेल, रडू द्यावे. खडे निघाले नाहीत तर दवाखान्यात आणावे. आत राहिले तर जखम पिकते आणि बरी झाली तरी गोंदल्यासारखा डाग कायम राहतो. हळद, तंबाखू, रॉकेल, शेण, यांपैकी काहीही लावू नये. धनुर्वाताची लस मुलांना १० व्या आणि १६ व्या वर्षी देतात, ती झाली आहे की नाही हे पाहावे. मोठ्यांनी मातीची जखम झाली आणि शेवटची लस घेऊन पाच वर्षे उलटली असतील तर ती पुन्हा घ्यावी. पावसाळ्यात चिखलपाण्यात जखम झाली आणि पुढच्या दोनचार आठवड्यांत ताप, अंगदुखी, डोळे लाल असे झाले, तर डॉक्टरला जखमेची गोष्ट आवर्जून सांगावी. लेप्टोचे निदान लवकर झाले तर उपचार सोपे असतात.

मनगट सुजले तर ते चोळू नये, ओढून घेऊ नये. अंगठ्याच्या मुळाशी खळगा पडतो तेथे दाबल्यावर दुखत असेल, तर पहिल्या एक्स-रेत काही दिसले नाही तरी दहाबारा दिवसांनी पुन्हा फोटो काढावा. तेथले एक छोटे हाड मोडलेले सुरुवातीला दिसत नाही आणि दुर्लक्ष झाले तर जुळतही नाही. तरुण मुलांत हे मी पाहिले आहे, मुरगळले म्हणून महिना काढलेले.

मुलांना सायकल घेऊन देणाऱ्या पालकांना एवढेच म्हणतो, की पोराला दुकानात जे आवडते ते त्याच्या रस्त्याला आवडेल असे नाही. मोठाल्या गाठींचे टायर, पुढे स्प्रिंगचे शॉकअप, मागे आणखी एक. दिसायला मोटारसायकलचा धाकटा भाऊ. स्वस्त सायकलींतली ती स्प्रिंग फारसे काही गिळत नाही, वजन मात्र वाढवते. पोर चढाला हाफते, महिनाभरात कंटाळते, आणि दहावीला गेल्यावर दुचाकी मागते. सायकल पडवीत गंजत उभी. अशा पडव्या मी पाल्यापाल्यांतून पाहिल्या आहेत असे नव्हे, पण घरी रोगी पाहायला गेलो की एकीत तरी दिसतेच. राज्याच्या मानव विकास कार्यक्रमात मागास तालुक्यांतल्या आठवी ते बारावीच्या मुलींना सायकलीसाठी मदत मिळते, शाळेची वाट चालू राहावी म्हणून. योजना चांगली आहे. पण सायकल मिळाल्यावर दुसऱ्या वर्षी तिचे टायर कोण पाहते? शाळेच्या आवारात एक हातपंप आणि दाब पाहायचा काटा ठेवायला फार खर्च येत नाही. एखाद्या शिक्षकाने शनिवारी दहा मिनिटे दिली तर मुलींची अर्धी पंक्चरे कमी होतील.

टायर बदलून झाल्यावर वहिनींना मी आणखी दोन गोष्टी सांगितल्या. सीटचे नाक खाली झुकलेले होते, त्यामुळे सारा भार हातांवर येत होता. ते सपाट करून घेतले. आणि हँडलची पकड एकाच जागी न ठेवता अधूनमधून बदलायची, जमले तर जाड कापड गुंडाळायचे. दीड महिन्याने त्या पुन्हा आल्या. मांड्यांचे दुखणे गेले होते. डाव्या हाताच्या मुंग्या थांबल्या, उजव्या करंगळीला सकाळी अजून थोड्या येतात. नसेला बरे व्हायला वेळ लागतो, म्हणून आणखी दोन महिने वाट पाहू. तोवर कमी झाले नाही तर रत्नागिरीला नसेची तपासणी करून घेऊ असे ठरले. इंजेक्शनचा विषय त्यांनी काढला नाही. शिमग्याला मुलगा आला तेव्हा सायकलची शान गेली म्हणून रुसला होता म्हणे. पण दुसऱ्या दिवशी नाक्यावर जाऊन आल्यावर आईला म्हणाला, "गिअर बदललेस काय?"

जाता जाता मी विचारले, जुन्या टायरांचे काय केले? चांगले आहेत, टाकवेनात, म्हणून गोठ्यामागे गडग्यावर ठेवलेत म्हणाल्या. उघड्यावरच्या टायरमध्ये पावसाचे पाणी साठते आणि डेंग्यूचा डास नेमक्या अशाच स्वच्छ साठलेल्या पाण्यात अंडी घालतो. सायकलचा टायरही त्याला पुरतो. ते मृगाच्या आधी घरात आडोशाला टांगा किंवा भंगारवाल्याला द्या, असे सांगून त्यांना पाठवले आहे.